बिनखिडक्यांची गाडी

"खिडक्या नकोत?" अन्सारने विचारलं, आणि हातातला पाना तसाच धरून तो सावळीरामकडे बघत राहिला. "भाऊ, तुम्ही फिरायला चालले ना? भाभीला, बेबीला घेऊन? मग बघणार काय, पत्रा?"

गॅरेजमधले दोघे-तिघे हसले. सावळीरामही हसला. हसण्यासारखंच होतं ते. नाशिकच्या वडाळा नाक्यावरच्या त्या गॅरेजात तो इतक्यांदा येऊन गेला होता की त्याच्यासाठी न सांगता चहा यायचा, आणि त्याच्या डोक्यातल्या गाडीवरून थट्टा करायचा हक्क तिथल्या प्रत्येकाला आपोआप मिळाला होता. 'पगारेभाऊंचा चालता बंगला' असं नावच पाडलं होतं त्यांनी. अन्सार पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली सरकला, त्याचे फक्त पाय बाहेर राहिले, आणि विषय संपला. संपला म्हणजे त्यांच्यापुरता. सावळीरामला मात्र, अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. खरंच की! महिनाभर आपण गाड्या बघतोय. शेगडी कुठे बसेल, पाण्याचं पिंप कुठे, रात्री तिघांनी पाय कुठे पसरायचे, सगळं मनात पाठ झालंय. आणि बाहेरचं काही दिसेल की नाही, हे एकदाही मनात आलं नाही? त्याने चहाचा कप खाली ठेवला. साय धरली होती त्यावर.

गाड्या तीन होत्या. एक शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, चारी बाजूंनी काचाच काचा, मागच्या काचेवर कोणा पोराने बोटाने काढलेला चेहरा अजून तसाच. दुसरी एका दवाखान्याची जुनी रुग्णवाहिका. काचांना पांढरा रंग फासलेला, मधोमध स्ट्रेचर सरकवायची पट्टी. झोपायची सोय तयारच आहे, असं अन्सार तिच्याबद्दल म्हणायचा आणि लगेच जीभ चावायचा. आणि तिसरी ही मेटाडोर. बेकरीची होती, गावोगाव पाव पोचवायची. ड्रायव्हरच्या मागे सरळ पत्र्याची खोली, तिला ना खिडकी ना झरोका, मागे दोन फळ्यांचं दार. आत शिरलं की आंबूस-गोड पावाचा वास यायचा, आणि सावळीरामला तो आवडायचा. भरल्या घराचा वास, असं तो मनात म्हणायचा. आता तो पुन्हा आत जाऊन बसला. दार ओढून घेतलं, तरी मधे बोटभर फट राहिलीच. फटीतून आग्रा रोडवरच्या ट्रकचा आवाज यायचा, पण दुरून, शेजारच्या घरात कोणी भांडतंय असा. बरं वाटलं. हेच ते. हे बरं वाटणंच आज त्याला नको झालं होतं. फिरायला निघालेल्या माणसाला बंद पेटीत बरं वाटावं, हे कसलं लक्षण म्हणायचं?

मुळात हे खूळ डोक्यात शिरलं ते पांडवलेण्याच्या पायथ्याशी. त्याची मुलगी विशाखा तेव्हा तिसरी-चौथीत असेल. बुद्धपौर्णिमेला कॉलनीतले सगळे लेण्यांवर जायचे, डबे घेऊन, नवे पांढरे कपडे घालून. उतरताना बघतात तर खाली झाडाखाली एक विलायती गाडी उभी. गोरा नवरा, गोरी बायको, तांबड्या केसांची दोन पोरं. गाडीचंच दार उघडून बाई आत स्टोव्हवर काहीतरी परतत होती, दोरीवर पोरांच्या चड्ड्या वाळत होत्या, नवरा खुर्ची टाकून उघड्या अंगाने पुस्तक वाचत बसला होता. अख्खं घर! बिछाना, भांडी, पडदे, सगळं त्या गाडीत. ही माणसं कुठून कुठून देश ओलांडत आली, असं कोणीतरी सांगितलं. तेव्हा सुमन, त्याची बायको, केवढी हसली होती! सुमन तेव्हा हसायची म्हणजे तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं. "बघा हो, चूल घेऊन हिंडत्यात! हिला सासू नसंल, म्हणून जमतंय," असं ती म्हणाली होती, आणि त्या गोऱ्या बाईला सरळ जाऊन तिने डब्यातली पुरणपोळी दिली होती. भाषा येत नाही, काही नाही. तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या. सावळीरामच्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. या लोकांना मुक्कामाला कोणाचं दार ठोठावावं लागत नाही. कोणी यांना विचारत नाही, गाव कोणतं, कोणाचे तुम्ही. आपलं दार आपल्याबरोबर. तेव्हा हा विचार आला आणि गेला. त्याचं काही ओझं झालं नाही. सायखेड्यात त्याच्या बापाने काय काय सोसलं ते त्याला ठाऊक होतं, पण तो काळ गेला असं त्याला वाटायचं. तो स्वतः नाशिक रोडला, नोटा छापतात त्या सरकारी प्रेसमध्ये कामाला लागला होता, क्वार्टर मिळालं होतं. प्रेसच्या गेटवर रोज सुटताना झडती व्हायची, पण ती सगळ्यांचीच. तिथे खिसे विचारायचे, आडनाव नाही. त्या झडतीचं लोकांना वाईट वाटायचं. सावळीरामला कधी वाटलं नाही.

मग एकोणऐंशी साली ते कोकणात गेले. समुद्र बघायला. विशाखाने भूगोलात वाचला होता, सुमनने कशातच नाही. एका देवस्थानाच्या गावी एस.टी.तून उतरले तेव्हा दुपार टळत होती, पोरीला ऊन लागून उलट्या झाल्या होत्या, समोर धर्मशाळा दिसली तिथे शिरले. सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे नाव-गाव विचारलं. पगारे, नाशिक रोड, सरकारी नोकरी. म्हाताऱ्याला त्यातून काही उमगलं नाही. कोकणातल्या माणसाला नाशिककडच्या आडनावातलं काय कळणार. खोली मिळाली. स्वच्छ, शेणाने सारवलेली, खिडकीतून नारळाची झाडं दिसणारी. म्हाताऱ्याची बायको तर इतकी मायाळू की तिने स्वतः गार पाण्याची कळशी आणून दिली, विशाखाच्या डोक्यावरून हात फिरवला, "बाळ, आधी सरबत घे हो, मग समुद्र," असं म्हणाली. परक्या गावात कोणी एवढी माया करावी! सुमनचे डोळेच भरून आले. तिने हात जोडले आणि मनापासून, कॉलनीत कोणालाही म्हणावं तसं, म्हणाली, "जय भीम, ताई."

बस्स. एवढंच झालं. बाईच्या चेहऱ्यावरची माया एकदम गेलीसुद्धा नाही, ती तिथेच राहिली आणि मागून कोणीतरी दिवा काढून न्यावा तशी विझली. ती कळशी उचलून घेऊन गेली. पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला. अर्धी कळशी होती, खूप वेळ ओतत होती असं सावळीरामला वाटलं. नंतर म्हातारा आला. शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. पण तो फार नम्र होता. ही खोली आधीच कोणासाठी तरी सांगून ठेवलेली, माझ्याच ध्यानात राहिलं नाही, वय झालं, रागावू नका. सावळीरामही नम्रपणे "असू द्या, असू द्या" म्हणाला. हे 'असू द्या' त्याला पुढे कैकदा आठवलं, दाढी करताना, गेटवर हात वर करून झडतीला उभं राहताना. ते बॅगा घेऊन परत स्टँडवर आले. समुद्राचा आवाज येत होता, एवढा जवळ होता तो. पण कोणी तिकडे गेलं नाही. विशाखाने एकदाच विचारलं. मग बाकावर बसल्या बसल्या सुमन म्हणाली, "माझ्याच तोंडानं घाण केली." आणि सावळीराम वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत राहिला. तुझी काय चूक, असं म्हणायचं होतं. कोणीही म्हणालं असतं. पण त्या घटकेला, खरं सांगायचं तर, त्यालाही तसंच वाटलं होतं. हिने तोंड उघडलं नसतं तर पोरगी आत्ता पलंगावर आडवी असती. क्षणभरच वाटलं. पण नेमकं त्याच क्षणी सुमनने त्याच्याकडे पाहिलं.

तेव्हापासून सुमन मिटली. भांडली नाही, रडली नाही, दुखणं काढलं नाही. घरातली कामं जशीच्या तशी. पण आवाज गेला. म्हणजे बोलायची, अगदी लागेल तेवढं, पुटपुटल्यासारखं, आणि बोलताना पदर तोंडाशी. भाजीवालीला बोटाने दाखवायची. कॉलनीतल्या बायका समोरून जय भीम म्हणत आल्या की ती नुसते हात जोडायची. आधी त्यांना वाटलं गर्व आला, मग वाटलं बाहेरचं काही असेल, मग त्यांनी नाद सोडला. माहेरी गेली तरी सकाळची गाडी धरून जायची आणि दिवेलागणीच्या आत परत. सख्ख्या भावाच्या लग्नातही राहिली नाही. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. हिने ताकही सोडलं, पाणीही सोडलं. सावळीरामने डॉक्टर केला. डॉक्टर म्हणाला, हवापालट करा, चार दिवस बाहेर न्या. आता घ्या! बाहेर नेता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो बाबा?

म्हणून गाडी. बाकी कशाला नव्हे. लोकांना वाटायचं, ओव्हरटाइमच्या पैशाने माणसाला मस्ती आली. वाटू दे. सुमनने एकदा, आयुष्यात एकदा, घराबाहेर एक मुक्काम करावा, समुद्र बघावा, आणि कोणाच्या उंबऱ्यावर उभं न राहता परत यावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेही या उन्हाळ्यातच. विशाखा बारावीला बसली होती. पुढे ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार, मग नोकरी, मग लग्न. तिघं म्हणून निघायचं ते आत्ताच. एकदा आई तिच्यासमोर मोठ्याने बोलली पाहिजे. नाहीतर पोरगी आयुष्यभर हीच आई घेऊन जाईल.

तो मेटाडोरमधून उतरला. अन्सारच्या पायांना म्हणाला, "रविवारी घरच्यांना घेऊन येतो. त्या बघतील, मग ठरवू." गाडीखालून आवाज आला, "बेस्ट काम. भाभी बोलेल ती फायनल."

घरी सांगितलं तेव्हा सुमन तांदूळ निवडत होती. तिने नेहमीप्रमाणे मान हलवली, नाही म्हणून. "मला नाय यायचं कुठं. तुम्ही दोघं जा." विशाखा पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "आई, नुसती बघायला चल. गाडी काही तुला खात नाही." पोरीचं बोलणं असंच होतं, तोडून टाकणारं. सुमन जसजशी गप्प होत गेली तसतशी ही फटकळ होत गेली. घरातला आवाज कोणीतरी भरून काढायलाच हवा होता. सावळीराम म्हणाला, "अगं, कोणाकडे उतरायचं नाही. आपलीच चूल, आपलंच अंथरूण. कोणाशी एक अक्षर बोलायचं काम पडणार नाही तुला." बोलून गेला, आणि त्याच्या लक्षात आलं, आपण तिला बोलतं करायला निघालो आणि न बोलण्याचं आमिष दाखवतोय. काय करावं या डोक्याला? पण सुमनचा हात सुपात थांबला होता. "कोणाशीच नाय?" तिने विचारलं. "कोणाशीच नाही," तो म्हणाला. तिने पुढचा खडा उचलून बाजूला टाकला. रविवारी ती न सांगता नेसून तयार होती.

रविवारचं गॅरेज शांत होतं. अन्सार धुतलेला सदरा घालून आला होता, खास भाभीसाठी. मार्चचं ऊन चढलं होतं आणि डांबराचा वास सुटला होता. विशाखा धावत जाऊन शाळेच्या गाडीत चढली. खिडकी सरकवली, कोपर बाहेर काढलं, आणि सतरा वर्षांची पोरगी वय विसरून सात वर्षांची झाली. "आई, इथे ये ना! ही बघ, सगळीकडून दिसतंय. समुद्राच्या बाजूला लावली की झोपल्या झोपल्या दिसेल." सुमन एक पायरी चढली. आत डोकावली. तिच्या चारी बाजूंना काचा होत्या आणि काचांपलीकडे रस्त्यावरून जाणारी माणसं, सायकलवाला, टपरीवरचे दोघे. त्यातला एक सहज इकडे बघत होता. ती पायरी उतरली. "सगळे बघत्यात," ती हळू म्हणाली. रुग्णवाहिकेच्या तर ती जवळही गेली नाही. मग बेकरीच्या गाडीशी आली. अन्सारने मागचं दार उघडून धरलं. ती कोणी न सांगता आत चढली, पार ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यापर्यंत गेली आणि पत्र्याला पाठ लावून खाली बसली. पदर तोंडावरून मांडीवर आला. विशाखाही नाराजीने मागोमाग चढली. "इथे? इथे तर जेलसारखं आहे, पप्पा."

"बस तर खरी. दार लावून दाखवतो. किती निवांत वाटतं बघ."

त्याने दोन्ही फळ्या लोटल्या आणि बाहेरची कडी सरकवली, म्हणजे दार परत उघडू नये. पाव पोचवायची गाडी. आतून उघडायची सोय कोणी कशाला करेल? ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. मग आतून टकटक. "पप्पा, आतून उघडत नाहीये." त्याचा हात कडीवरच होता. काढायची, एवढंच. पण त्याच क्षणी त्याला असं काही वाटलं, जे गेल्या पाच वर्षांत वाटलं नव्हतं. दोघी आत आहेत. एका पत्र्याआड, दोघीच्या दोघी. आता कोणी येऊन विचारो, गाव कोणतं, कोणाचे. कोणी कळशी आणो नाहीतर नेवो. मधे मी आहे. खांद्यावरचं कसलंतरी पोतं कोणीतरी उतरवून घेतलं असं त्याला झालं. तो उन्हात डोळे मिटून उभा राहिला. "पप्पा! गरम होतंय!" आता हाताचे तळवे पत्र्यावर आपटत होते. "भाऊ, आतून कडी नाही त्याला," अन्सार म्हणाला, "खोला ना." सावळीराम हलला नाही. अन्सारने स्वतः हात पुढे केला, तर सावळीरामने त्याचं मनगट धरलं. "थांब जरा." कशासाठी थांब, ते त्याला सांगता आलं नसतं. अन्सार त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतली भीती बघून सावळीराम भानावर आला. त्याने कडी काढली.

विशाखा घामाने निथळत खाली उतरली. तिचा श्वास लागला होता. "तुमचा हात कडीवरच होता," ती म्हणाली. ओरडली नाही. "फटीतून दिसत होता मला. सगळा वेळ कडीवरच होता." सावळीरामने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"लावा हो ते दार."

सुमन होती. तशीच बसलेली, पाय लांब सोडून, माहेरच्या ओट्यावर बसावी तशी. चेहरा घामाने चमकत होता, पण कपाळावरची ती नेहमीची आठी नव्हती. "लावा ना," ती म्हणाली, मघापेक्षा जरा मोठ्याने. "बरं वाटतंय हितं. यातून मी येईन. कुठं म्हणाल तिथं येईन."

पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते हे. येईन म्हणाली. स्वतःच्या तोंडाने म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. सावळीराम नुसता दाराची फळी धरून उभा होता. "आई, खाली उतर," विशाखा म्हणाली. "आई, ऐक माझं. बाहेर ये." सुमनने मान हलवली, नाही म्हणून. मग विशाखा बापाकडे वळली. त्याचा दंड तिने लहानपणी धरायची तसा दोन्ही हातांनी धरला. "पप्पा, नका लावू. तुम्ही लावलंत तर ती कधीच बाहेर येणार नाही. मी सांगते तुम्हाला. नका लावू."

पोरीचं खरं होतं. ते त्याला कळत होतं, लख्ख कळत होतं. आणि आत सुमन त्याच्याकडे बघत होती, स्टँडवरच्या बाकावरून पाहिलं होतं त्यानंतर पहिल्यांदा अशी सरळ डोळ्यांत. तिला नाही म्हणायचं कसं? कोणत्या तोंडाने?

"थोडा वेळच," तो विशाखाला म्हणाला. तिचे हात त्याने सोडवले, दोन्ही फळ्या लोटल्या आणि कडी घातली.

विशाखा मागे सरली. मग रस्त्याकडे चालू लागली, सिटी बसच्या थांब्याकडे, एकटीच. अन्सारने तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. सावळीरामने पत्र्याला कान लावला. पत्रा चटका बसावा इतका तापला होता, तरी त्याने कान काढला नाही. आत आधी काहीच ऐकू येईना. नंतर सुमनचा आवाज आला. पुटपुटणं नव्हे, मोकळा, भरघोस, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जाणारा तो जुना आवाज. ती कोणाशी तरी बोलत होती, मधेच हसत होती, कोणाला तरी बस म्हणत होती, पाणी घे म्हणत होती. आत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"भाऊ," मागून अन्सार हलक्या आवाजात म्हणाला, "उघडायचं ना आता?"

सावळीरामने तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि तो ऐकत राहिला.